सात लेयर की चार? नेटवर्किंगमध्ये नवीन असाल तर ओएसआय आणि टीसीपी-आयपी असं समजून घ्या

सांगलीत विश्रामबागला माझं नेटवर्किंग आणि सीसीटीव्हीचं काम चालतं. हाताखाली कायम दोन-तीन शिकाऊ पोरं-पोरी असतात, कोण डिप्लोमा झालेलं, कोण बीसीएस करणारं, कोण आयटीआयचं. पहिल्या दिवशी मी ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कच्या कामाचे सात थर पाडून दाखवणाऱ्या मॉडेलचे, लेयर विचारतो आणि सगळ्यांना ते येतात, फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अ‍ॅप्लिकेशन, घडाघडा. मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरची केबल मी आधीच अर्धवट बाहेर काढून ठेवलेली असते, म्हणतो याला नेट नाही, बघ जरा. की लगेच ब्राउझर उघडून रिफ्रेश, मग दुसरा ब्राउझर, मग राउटर बंद-चालू. मागं वाकून केबल बघणारं पोर दहात एखादं.

यात पोरांची काही चूक नाही. परीक्षेत 'ओएसआय आणि टीसीपी-आयपी (इंटरनेट ज्यावर चालतं ते) या दोन मॉडेलमधला फरक लिहा' असा प्रश्न येतो, दोन रकान्यांचा तक्ता काढला की मार्क मिळतात आणि विषय तिथंच मिटतो. तो तक्ता म्हणजे बिघाड शोधायचं हत्यार आहे हे कुणी सांगतच नाही, आणि मग तीन वर्षं शिकून आलेलं पोर गिऱ्हाईकासमोर घाम पुसत उभं राहतं, हे मला बघवत नाही. म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून काढतोय. घाई करू नका, एक पायरी वाचली की हातानं करून बघा, मग पुढची.

पायरी १: कॉम्प्युटर बाजूला ठेवा, आधी मार्केट यार्डात चला

आपल्याकडं हळदीचा सौदा होतो हे सांगायला नको. समजा इथल्या एका अडत्याला दिल्लीच्या व्यापाऱ्याला साठ पोती हळद पाठवायची आहे. भाव काय ठरला, माल कुठल्या प्रतीचा, पॉलिश केलेला का कच्चा, हे बोलणं त्या दोघांतलं, बाकी कुणाला त्याच्याशी घेणंदेणं नाही. हा झाला अ‍ॅप्लिकेशन लेयर.

मग दिवाणजी पोत्यांवर नंबर टाकतो, एक ते साठ, आणि दिल्लीच्या बाजारातला त्या व्यापाऱ्याचा गाळा नंबर लिहितो. माल पोचला की तिकडनं पोच यायची, आणि ४३ नंबरचं पोतं आलंच नाही असं कळलं तर ते परत पाठवायचं. हा ट्रान्सपोर्ट लेयर. टीसीपी नेमकं हेच करतं, नंबर टाकतं, पोच मागतं, पोच आली नाही तर परत पाठवतं. गाळा नंबर म्हणजे पोर्ट नंबर, एकाच मशीनवर चाललेल्या पन्नास प्रोग्रॅमपैकी माल कुणाच्या दारात टाकायचा ते सांगणारा. वेबसाइटचा ४४३, साइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा ५३, असे.

त्याच्यावर ट्रान्सपोर्टवाला बिल्टी करतो, कुठनं सांगली, कुठं दिल्ली. हा नेटवर्क लेयर, आणि बिल्टीवरचा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. आणि शेवटी गाडी. यार्डातनं टेम्पो, टेम्पोतनं ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला, तिथनं मोठा ट्रक पुण्याला, पुण्यात परत गाडी बदलून पुढं. प्रत्येक टप्प्याला गाडीचा नंबर वेगळा, ड्रायव्हर वेगळा, पण बिल्टी तीच. गाडीचा नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, डेटा लिंक लेयर. आणि खालचा डांबरी रस्ता म्हणजे फिजिकल लेयर, आपल्यासाठी तांब्याची केबल, फायबर किंवा वायफायच्या लहरी.

हे गाडी बदलायचं, बिल्टी न बदलायचं नीट डोक्यात बसवा, कारण नव्या पोरांचा सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. मॅक अ‍ॅड्रेस दर टप्प्याला बदलतो, आयपी अ‍ॅड्रेस इथनं तिथपर्यंत तोच राहतो. घरच्या राउटरमधनं बाहेर पडताना पाठवणाऱ्याचा आयपी बदलला जातो ती एनएटीची भानगड आहे, ती नंतर, आत्ता डोक्यात भरू नका.

आणखी एक. ट्रकवाला पोतं उघडून हळदीचा रंग बघत बसत नाही, आणि अडत्याला ट्रकचं डिझेल कुठं भरलं ते माहीत नसतं. प्रत्येकानं आपला कागद वरनं चिकटवायचा, आतल्याला हात लावायचा नाही, याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात आणि लेयर पाडण्यामागचं सगळं शहाणपण एवढ्यातच आहे. उद्या रस्ता बदलून रेल्वेनं माल गेला तरी अडत्याला भाव परत ठरवावा लागत नाही. तसंच केबल काढून फायबर टाकली तरी ब्राउझर नवीन घ्यावा लागत नाही.

हे उदाहरण कुठं तुटतं तेही सांगून ठेवतो. हळदीचं पोतं एकच असतं, हरवलं तर नुकसान. डेटाची मात्र नक्कल पाठवणाऱ्याकडं असते, म्हणून राउटरवर गर्दी झाली की तो पॅकेट, म्हणजे डेटाचं पोतं, चक्क टाकून देतो आणि टीसीपी ते परत पाठवतं. पॅकेट हरवणं हा नेटवर्कमध्ये रोजचा व्यवहार आहे. आणि यूडीपी म्हणून दुसरी पद्धत आहे त्यात पोचच नसते, पाठवलं की सुटलं, व्हिडिओ कॉलला हेच बरं पडतं कारण दोन सेकंदापूर्वीचा शब्द आता परत येऊन उपयोग काय.

पायरी २: आता दोन्ही मॉडेल शेजारी शेजारी ठेवा

कागद आडवा धरा, डावीकडं ओएसआयचे सात चौकोन काढा, सर्वात खाली फिजिकल १, मग डेटा लिंक २, नेटवर्क ३, ट्रान्सपोर्ट ४, सेशन ५, प्रेझेंटेशन ६, वर अ‍ॅप्लिकेशन ७. उजवीकडं टीसीपी-आयपीचे चार. सगळ्यात खालचा लिंक, तो डावीकडच्या १ आणि २ एवढा उंच काढा. त्याच्यावर इंटरनेट, तो ३ च्या समोर. मग ट्रान्सपोर्ट, ४ च्या समोर. आणि वरचा अ‍ॅप्लिकेशन हा ५, ६, ७ तिन्ही मिळून एकच लांबलचक चौकोन.

बस. मधले दोन एकास एक जुळतात, खालचे दोन आणि वरचे तीन गुंडाळले गेलेत. काही पुस्तकांत लिंकला 'नेटवर्क अ‍ॅक्सेस' म्हणतात, काही पुस्तकांत टीसीपी-आयपीचे पाच लेयर दाखवतात, फिजिकल वेगळा काढून. हे बघून गोंधळू नका. पाचवाला प्रकार शिकवायला सोपा म्हणून रुळलाय, आणि मला स्वतःला कामासाठी तोच सगळ्यात जवळचा वाटतो, कारण केबल तपासणं आणि स्विच तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना एकाच डब्यात कोंबून चालत नाही.

नावंही याच वेळी लिहून घ्या. ट्रान्सपोर्टला डेटाच्या तुकड्याला सेगमेंट म्हणतात, नेटवर्कला पॅकेट, डेटा लिंकला फ्रेम, खाली बिट. यूडीपीचा असेल तर डेटाग्राम. हब लेयर १ चा, साधा स्विच लेयर २ चा, राउटर लेयर ३ चा.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे सगळं हवेत राहतं. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारण १५०० बाइट माल बसतो. त्यातले २० बाइट आयपीच्या बिल्टीला जातात, २० टीसीपीच्या कागदाला, खरा माल उरतो १४६०. म्हणजे तुम्ही ३० लाख बाइटचा, ढोबळ ३ एमबीचा, फोटो कुठं अपलोड केला तर त्याची दोन हजारावर पोती होतात, प्रत्येकावर नंबर, सगळ्यांची पोच. फोटो चढताना ती निळी रेघ हळूहळू पुढं सरकते तेव्हा आत हे चाललेलं असतं, मला अजूनही याचं नवल वाटतं.

पायरी ३: दोन मॉडेल झालीच कशी

हे परीक्षेपुरतं नाही, एकदा कळलं की फरक पाठ करावे लागत नाहीत.

टीसीपी-आयपी आधी कामाला लागलं, त्याचे चौकोन नंतर काढले. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९७४ मध्ये कल्पना मांडली, मग वर्षानुवर्षं करून बघत, मोडत, दुरुस्त करत ते घडलं, आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं अर्पानेट हे सुरुवातीचं नेटवर्क जुना प्रोटोकॉल (मशीननं मशीनशी बोलायचे नियम) सोडून टीसीपी-आयपीवर गेलं. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत ते आलं आणि विद्यापीठांच्या हातात पडलं. चार लेयरची ती मांडणी ज्या कागदात सापडते तो आरएफसी ११२२ मात्र ऑक्टोबर १९८९ चा, म्हणजे गाडी सहा वर्षं पळाल्यावरचा.

ओएसआयचं उलटं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९७७ पासून काम धरलं, देशोदेशीची माणसं समितीत बसली, आणि १९८४ मध्ये सात लेयरचं मॉडेल मानक म्हणून छापलं, आयएसओ ७४९८. आधी नकाशा, मग त्यात बसतील असे प्रोटोकॉल. त्यामुळं ते फार स्वच्छ आहे, प्रत्येक लेयर वरच्याला काय सेवा देतो, ती कुठनं मागायची, आणि आत ती कशी पुरवायची, या तीन गोष्टी ओएसआयनं वेगळ्या काढून दाखवल्या. पण त्याचे प्रोटोकॉल तयार होऊन लोकांच्या हातात येईपर्यंत टीसीपी-आयपी सगळीकडं पसरून गेलं होतं, फुकट होतं, चालत होतं. आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही टीसीपी-आयपीच.

मग ओएसआय मेलं का? क्लासमध्ये सर्रास असं सांगतात, आणि ते मला पटत नाही. मोठ्या नेटवर्क कंपन्यांच्या आत आयएस-आयएस नावाचा राउटिंग प्रोटोकॉल आजही धावतोय, तो ओएसआयच्या घराण्यातला. आणि तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा साइट खरी असल्याचं जे सर्टिफिकेट तपासलं जातं त्याचा साचा एक्स.५०९, तोही त्याच पिढीतला, १९८८ चा. शिवाय भाषा. जगभरातला कुठलाही इंजिनिअर 'लेयर टूचा प्रॉब्लेम आहे' म्हणतो तेव्हा तो ओएसआयचा नंबर बोलत असतो. मशीन टीसीपी-आयपीनं चालतं आणि माणसं ओएसआयनं बोलतात, म्हणून दोन्ही शिकायची.

पायरी ४: डोळ्यांनी बघा

वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाका. फक्त स्वतःच्या किंवा ज्याची परवानगी आहे अशाच नेटवर्कवर वापरा, दुसऱ्याच्या ऑफिसात न विचारता चालू करू नका. आपलं नेटवर्क कार्ड निवडून चालू करा, ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडा, दहा सेकंदांनी बंद करा.

वर शेकडो ओळी दिसतील, घाबरायचं नाही. ४४३ पोर्टकडं जाणारी एक ओळ निवडा आणि खालच्या भागात बघा. पहिली ओळ फ्रेमची, दुसरी इथरनेट, तिसरी आयपी व्हर्जन ४ किंवा ६, चौथी टीसीपी, आणि डेटा असेल तर पाचवी टीएलएस, म्हणजे डेटा गुप्त लिपीत बांधणारं वेष्टण. हीच ती बिल्टी, गाडी आणि पोतं, एकाखाली एक. सेशनची ओळ नाही, प्रेझेंटेशनची ओळ नाही. टीसीपी-आयपीत ते लेयर वेगळे नाहीत म्हणजे काय हे वाचून कळत नाही, ही मोकळी जागा बघितली की कळतं. (काही मशीनवर टीसीपीऐवजी यूडीपी आणि क्विक दिसेल, नवीन ब्राउझर तसं करतात, तेव्हा दुसरी ओळ निवडा.)

आता इथरनेटच्या ओळीवर टिचकी मारून 'कुणाकडं' हा मॅक अ‍ॅड्रेस वहीत लिहा. मग राउटरच्या खालचं स्टिकर वाचा. तो पत्ता बहुतेक त्याच राउटरचा निघेल, स्टिकरवर एखादा अंक पुढं-मागं असला तरी. तुम्ही माल पाठवताय हजारो किलोमीटर लांब, आयपीच्या ओळीत पत्ताही लांबचाच आहे, पण गाडी फक्त कोपऱ्यातल्या राउटरपर्यंतची. आमच्याकडची एक पोरगी हे बघून म्हणाली, "दादा, म्हंजे हा फकस्त टेम्पोचा नंबर हाय की." तिला त्या दिवसानंतर लेयर २ आणि ३ मधला फरक परत सांगावा लागला नाही.

पायरी ५: बिघाड शोधा, खालनं वर

आता खरं काम. नेट नाही म्हणून फोन आला की खालनं सुरू करायचं आणि एक लेयर पक्का झाल्याशिवाय वर जायचं नाही. अनुभवी माणसं मधनं सुरू करतात, आधी पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते विचारणारी कमांड) मारून बघतात आणि मग वर जायचं का खाली ते ठरवतात, तेही बरोबर आहे, पण पहिले सहा महिने तुम्ही खालनंच चढा.

फिजिकल. लाइट लागलीय का, केबल टक् असा आवाज येऊन बसलीय का, फायबरच्या डब्यावर लाल लाइट आहे का. लाल एलओएस लाइट असेल तर फायबरमधनं उजेडच येत नाही, वर काही तपासू नका, कंपनीला फोन करा. आणि नुसती लाइट लागली म्हणजे फिजिकल ठीक, असं समजू नका. यार्डातल्या एका अडत दुकानात गोडाऊन ते ऑफिस कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग फार अडकत होतं, दोन्हीकडं गिगाबिटचे स्विच, दोन्हीकडं हिरवी लाइट. मी जवळजवळ तीन तास रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये घातले. शेवटी लॅपटॉप लावून लिंकचा स्पीड बघितला तर १०००च्या जागी १००. जॅक काढला, आत हळदीची पिवळी धूळ बसलेली, आणि उजेडात धरून बघितलं तर तपकिरी वायर पिनपर्यंत पोचलीच नव्हती, क्रिम्पिंग करणाऱ्यानं दोन मिलिमीटर आखूड कापलेली. १०० एमबीपीएसला आठांतल्या चारच वायर लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, गिगाबिटला आठही. तपकिरी जोडी ७ आणि ८ ची. ती तुटली तरी बरीच कार्डं गपचूप १०० वर उतरतात आणि लाइट लागलेलीच राहते. जॅक कापून नवीन मारला, दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून लिंक स्पीड बघितल्याशिवाय मी पुढं जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. केबल १०० मीटरच्या आत आहे का तेही इथंच बघायचं.

डेटा लिंक. स्विचचा दुसरा पोर्ट वापरून बघा. वायफाय असेल तर पासवर्ड चुकून अडकलंय का, ते याच लेयरचं. एक सवय लावून घ्या, एकच केबल दोन्ही टोकांनी एकाच स्विचला कुणी लावलीय का ते शोधायचं. साफसफाई करताना मोकळं टोक दिसलं की लोक चांगल्या मनानं ते समोरच्या भोकात घालतात, आणि साधा स्विच असेल तर सगळ्या ऑफिसचं नेटवर्क बसतं, फ्रेमा गोल गोल फिरत राहतात. आयपीच्या पॅकेटला आयुष्याचा आकडा असतो, दर राउटरला एकनं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेमला असा आकडाच नाही, म्हणून ती थांबत नाही.

नेटवर्क. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग कमांड द्या. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर समजा डीएचसीपीकडनं, म्हणजे मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडनं, पत्ता मिळालाच नाही आणि मशीननं स्वतःच एक घेतलाय. पत्ता बरोबर दिसला तर आधी राउटरला पिंग, तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी, आयपीकॉन्फिगमध्ये गेटवे म्हणून दिसतो. तो उत्तर देत असेल तर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या डीएनएस सर्व्हरला, पिंग. राउटर बोलतोय आणि ८.८.८.८ नाही, म्हणजे घर ठीक, बाहेरचा रस्ता बंद. पिंगला उत्तर नाही म्हणजे मशीन मेलंय असं मात्र नाही, पुष्कळ ठिकाणी पिंग मुद्दाम अडवलेलं असतं.

इथंच एक चकवा आहे. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, पिंग एकदम झकास. मग पोत्याचं माप बघा. पीपीपीओई जोडणीत (युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं ब्रॉडबँड) प्रत्येक फ्रेममधले ८ बाइट त्या जोडणीलाच जातात, १५००च्या जागी १४९२ उरतात. 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून पिंगमध्ये १४७२ बाइट पाठवा, त्यात २८ बाइटचे कागद मिळवले की १५०० होतात. ते अडलं आणि १४६४ गेलं, तर दार ८ बाइटनं अरुंद आहे, राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचं जास्तीत जास्त माप, १४९२ करा. साधं पिंग लहान पुडीसारखं असतं, ते कुठल्याही दारातनं जातं, म्हणून फसवतं.

ट्रान्सपोर्ट. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडला साइटचं नाव आणि पोर्ट ४४३ द्या. मशीन पोचतंय पण पोर्ट उघडत नाही, तर मधे फायरवॉल आहे किंवा समोरचा प्रोग्रॅम बंद आहे. गाळ्याचं शटर खाली, एवढाच अर्थ.

त्याच्या वर. ८.८.८.८ ला पिंग जातंय पण साइटचं नाव टाकलं की काहीच नाही, तर डीएनएस. एनएसलुकअप कमांडनं खात्री करा. हे इतकं नेहमीचं आहे की यावर जास्त लिहीत नाही.

वरच्या तीन लेयरचा उपयोगच काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मिरजेतल्या एका छोट्या ऑफिसातली गोष्ट. जुना कॉम्प्युटर, रोज सकाळी एकाही साइटला जाऊ देत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. केबल ठीक, पत्ता ठीक, पिंग ठीक, नाव सापडतंय, ४४३ उघडतोय. टीसीपी-आयपीच्या चार चौकोनांत बघितलं तर आता उरला फक्त अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे ब्राउझर, आणि तो आधीच्या माणसानं तीनदा काढून परत टाकला होता. पण ओएसआयनं या चौकोनाचे तीन भाग केलेत, आणि गुप्त लिपीत बांधणं-उघडणं हे प्रेझेंटेशनचं काम. माझ्याबरोबरच्या पोरीनं बोट तिथं ठेवलं, म्हणाली गाळा उघडतोय पण आत सर्टिफिकेट पटत नाही, तर सर्टिफिकेटला काय काय लागतं? लागते तारीख. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं तर मशीन २०१५ सालात होतं. सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, २०१५ च्या मशीनला आजचं सर्टिफिकेट अजून जन्मायचंच आहे. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला, रात्री भिंतीवरच्या बटणानं लाइट बंद केली की घड्याळ मागं जायचं. सेल बदलला, तारीख लावली, झालं.

पायरी ६: न बसणाऱ्या गोष्टी आणि इंटरव्ह्यू

काही गोष्टी कुठल्याच चौकोनात नीट बसत नाहीत, हे आधीच माहीत असू दे. एआरपी आयपीवरनं मॅक शोधून देतं, ते २ आणि ३ च्या मधे. एमपीएलएसला (पॅकेटला लेबल लावून पुढं पाठवायची पद्धत) तर लोक अडीच लेयर म्हणतात. पिंगचं आयसीएमपी आयपीच्या पाठीवर बसून जातं तरी त्याला लेयर ३ चंच धरतात. डीएचसीपी पत्ता देतं लेयर ३ चा, पण स्वतः यूडीपीच्या ६७ आणि ६८ पोर्टवर चालणारा अ‍ॅप्लिकेशन आहे. टीएलएस ओएसआयमध्ये ५ का ६ यावर वाद घालणारे भेटतील. इंटरव्ह्यूत असं काही विचारलं तर एक नंबर ठोकून देऊ नका, ते काय काम करतं आणि कशावर बसून चालतं ते सांगा, विचारणारा जाणकार असेल तर त्याला तेच ऐकायचं असतं.

पुस्तकी फरकांपैकी एक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुस्तकांनुसार ओएसआयमध्ये नेटवर्क लेयरला जोडणी करून (आधी समोरच्याशी बोलणं पक्कं करून) किंवा न करता असे दोन्ही प्रकार होते आणि ट्रान्सपोर्टला जोडणी करूनच. टीसीपी-आयपीत बरोबर उलटं, खाली आयपी कधीच जोडणी करत नाही, वर टीसीपी आणि यूडीपी असे दोन प्रकार, निवड प्रोग्रॅमची.

सरावासाठी दोघं मिळून बसा. एकानं खोलीबाहेर जायचं, दुसऱ्यानं एकच बिघाड करून ठेवायचा, केबल अर्धी काढून, आयपी हातानं चुकीचा टाकून, गेटवे पुसून, डीएनएसला भलताच पत्ता देऊन, तारीख मागं नेऊन. बाहेरच्यानं आत येऊन ब्राउझरला हात न लावता शोधायचं, आणि प्रत्येक तपासणीआधी मोठ्यानं म्हणायचं की आता मी कुठल्या लेयरवर आहे, ओएसआयचा नंबरही आणि टीसीपी-आयपीचं नावही. आमच्याकडं शनिवारी दुकान आवरताना हे करतो, अर्धा तास लागतो. झाल्यावर आयपी आणि डीएनएस परत ऑटोमॅटिकवर आणि तारीख जागेवर करून ठेवा, सोमवारी त्या मशीनवर बिलं काढायची असतात.